फॉर्म अजून कपाटातच आहे

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

बंड्या,

का बे, दिवाळीपासून एक ओळ नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. आईची शुगर आटोक्यात, माझी कंबर आहे तशीच. पत्र त्यासाठी नाही.

हॉस्पिटलमधून फॉर्म आलाय. आमचे दोन एम्ब्रियो, टेस्ट-ट्यूबच्या वेळचे उरलेले गर्भ, तिथं गोठवलेत ना, ते वर्षाचं भाडं भरून पुढं ठेवायचे, बंद करायचे, की संशोधनाला द्यायचे? तीन चौकोन, खाली दोघांच्या सह्या. मनीनं 'बंद'वर खूण केली, सही ठोकली आणि परत मेथी निवडायला बसली. माझी सही तीन आठवडे झाले, होईना. फॉर्म चादरींच्या खाली सरकवलाय.

तिचं चुकलं असं कुठल्या तोंडानं म्हणू? बीजं काढायच्या आधी दहा-बारा दिवस पोटात सुया. मग गर्भाशयाचं अस्तर वाढायच्या गोळ्या, ते आठ मिलिमीटर झालं का म्हणून सोनोग्राफी, वर कमरेत ती तेलकट इंजेक्शनं. माझं काम काय, तर तोंड पाडून बाकड्यावर बसणं. आता तिला एकोणचाळीस, त्यात बीपी.

पण हिशेब डोक्यातून जात नाही. अकरा बीजं, सात फळली, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकली. पहिलं वाया गेलं. तेव्हाच तू टपरीवर "सरळ दत्तक घे की" म्हणालास आणि मी आठ महिने तुझ्याशी बोललो नाही. (बोललास ते खोटं नव्हतं. पण ती वेळ होती का बे?) दुसरी आमची चिऊ. राहिलेली दोन तिच्याच दिवशीची. ही उलट्या चपला घालून बालवाडीत जाते, आणि ती दोघं अजून पाचव्या दिवसातच, उणे १९६ अंशांवर.

मे महिन्यात ४४ डिग्रीला लाइट गेली तर मी हॉस्पिटलला फोन लावला, टाकीचं काय म्हणून. पोरगी हसली. त्याला लाइट लागत नाही म्हणे, नायट्रोजन तेवढा भरत राहायचा. मनीला हे ठाऊक नाही.

चिऊच्या ट्रान्सफरचा, गर्भ पोटात सोडायचा, दिवस आठवतो? नळाला पाणी पाच दिवसांनी, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात लिटरभर पिऊन या, मूत्राशय भरलेलं पाहिजे! त्यात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, नंदीध्वज रस्त्यात. अबोला असून तू चुलत्याची रिक्षा घेऊन आलास, बोळाबोळांतून हाणलीस, आणि प्रत्येक खड्ड्याला मनी तुझा उद्धार करत होती.

कायद्यानं दहाच वर्षं ठेवता येतात. सहा झाली. म्हणजे मी भाडं भरत बसलो तरी चार वर्षांनी हाच फॉर्म समोर. मनी म्हणते, "तुला मूल हवंय की नुसतं ते तिथं आहे एवढंच हवंय?" मी उठून मोटर बंद करायला गेलो. मोटर चालूच नव्हती.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पोराची दहावी ना यंदा? कळव.

पुढच्या शनिवारी फॉर्म द्यायचाय. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ये. मनीनं विचारलं तर शेंगाचटणी न्यायला आलो म्हण.

तुझाच,
पक्या