साक्षीदाराच्या रकान्यात सही करणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे गं" म्हणून लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये आमचे लग्न लागले, त्यात आमच्या हुशारीचा भाग थोडा आणि तुमच्या चौकशांचा भाग मोठा होता, हे आम्हा दोघांच्याही घरच्यांना कळायला हवे.

गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत तुमची ओळख झाली, तेव्हा आमच्यापाशी एक निर्णय होता आणि माहिती जवळजवळ शून्य होती. विधी नकोत, हॉल नको, कायदेशीर लग्न हवे, एवढेच ठरले होते. सिटी हॉलमध्ये जायचे, सही करायची आणि बाहेर यायचे अशी माझी भाबडी समजूत होती. लग्नाआधी काढायच्या विवाह परवान्याची वेळ वेगळी घ्यावी लागते आणि समारंभाची वेगळी, परवाना काढताना दोघांनीही ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे लागते आणि तो परवाना ९० दिवसच चालतो, हे तुम्ही सांगितलेत. दोन्ही कामे एकाच दिवशी उरकण्याचा आमचा बेत तुम्ही मोडून काढलात. "अर्जात चूक निघाली तर ती निवांत निघू दे, नेसलेल्या पैठणीवर नको," हे तुमचे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखे वापरले जाते. परवाना गोपनीय, म्हणजे ज्याची नोंद इतरांना पाहता येत नाही असा घ्यावा की सार्वजनिक, या प्रश्नावर तर मी एक संध्याकाळ घालवली होती. गोपनीय परवान्याला साक्षीदार लागत नाही, म्हणजे एक काम कमी, असा माझा हिशेब होता. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "साक्षीदार हे काम नसतं, माणूस असतो."

त्या वाक्यामागचे कारण मला पुढे कळले. तुमचे स्वतःचे लग्न पुण्यात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले होते. कार्यालयातल्या फलकावर ३० दिवस लागलेली नोटीस, ती वाचून कोणी घरी कळवील का ही धाकधूक, आणि मग तीन साक्षीदारांची जुळवाजुळव, हे सारे तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता सांगितलेत. इथे नोटीस नाही, थांबणे नाही आणि सार्वजनिक परवान्याला एक साक्षीदार पुरतो. तरीही त्या एका जागेसाठी मी तुम्हाला विचारले, तेव्हा क्षणभर तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या क्षणाचेही आभार मानायचे आहेत.

पण हे पत्र मुख्यतः अर्जातल्या दोन रकान्यांविषयी आहे.

पहिला रकाना माझ्या नावाचा. आपल्याकडे मुलीच्या नावात मधे वडील असतात आणि लग्नानंतर त्या जागी नवरा येतो. मला आडनाव बदलायचे नव्हते, पण मधले नाव बदलावे का, या बाबतीत मी घुटमळत होते, आणि बदलायचे ठरले तर पुढे सवडीने बदलू असे मनात होते. परवाना एकदा हातात पडला की लग्नाच्या आधारे नाव बदलण्याची संधी संपते, नंतर न्यायालयात जावे लागते, हे तुम्ही दाखवून दिलेत. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मधल्या नावासाठी जे पर्याय आहेत ते आडनावांभोवती फिरणारे आहेत. जोडीदाराचे आडनाव तिथे घेता येते, त्याचे पहिले नाव घेता येत नाही. म्हणजे आपली चालत आलेली पद्धत त्या अर्जात बसतच नव्हती. माझे घुटमळणे एका ओळीत संपले आणि बाबा माझ्या नावात राहिले. बाबांनी यावर काही भाष्य केले नाही. त्या दिवशी त्यांनी सर्वांसाठी चहा मात्र स्वतः केला.

दुसरा रकाना आईच्या नावाचा. मी तिच्या पासपोर्टवरचे नाव भरून मोकळी झाले होते. तुम्ही चष्मा वर करून विचारलेत, "इथे जन्माचं नाव मागितलंय. हे तिचं जन्माचं आहे का?" आई शेजारीच बसली होती. तिच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले होते, तेव्हापासून तिच्या रेशनकार्डापासून माझ्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे तेच आहे. जुने नाव मामाच्या तोंडी तेवढे उरले होते. आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग तुमच्याकडे, आणि शाळेत हजेरी द्यावी तसे स्वतःचे, आजोबांचे आणि माहेरच्या आडनावाचे मिळून पूर्ण नाव सांगितले. स्पेलिंग तीनदा तपासून घेतले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहे. इतक्या वर्षांत कुठल्याही सरकारी कागदाने तिला ते विचारले नव्हते, आणि तुम्ही टोकले नसते तर माझ्या घाईत याही कागदाचे विचारणे वाया गेले असते.

बाकीचे भराभर सांगते. पाहुणे फक्त सहा आणि छायाचित्रकारही त्यातच धरायचा, हे ऐकून आत्याने फोन ठेवून दिला होता. सहा माणसे आमच्याकडे मुहूर्तमेढीलाही पुरत नाहीत. तिची समजूत तुम्ही काढलीत, ती कशी हे अजून कोणी सांगत नाही. नवऱ्याचे आईवडील चेन्नईहून मध्यरात्र उलटून गेल्यावर जागे राहून फोनवर पाहत होते, आणि तो फोन हात न हलू देता तुम्ही धरला होता. इमारतीत तांदूळ उधळायला मनाई असल्याने आईने आणलेल्या अक्षतांची पुडी तुम्ही तुमच्या पर्समध्ये ठेवून घेतलीत.

घुमटाखाली, मोठ्या जिन्याच्या माथ्यावर आमचा समारंभ काही मिनिटांत झाला. काळा झगा घातलेल्या विवाह आयुक्तांनी शब्द सांगितले, आम्ही ते म्हटले. खाली दुसरी जोडपी आपल्या पाळीची वाट पाहत होती. आधीची इमारत १९०६ च्या भूकंपात कोसळल्यावर १९१५ मध्ये ही उभी राहिली, अभिनेत्री मेरिलिन मन्रो आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ यांचे लग्न १४ जानेवारी १९५४ रोजी इथेच झाले, हे तुम्ही आईला जिना चढताना सांगत होता, म्हणजे तिला दम लागल्याचे कोणाच्या लक्षात येऊ नये. मला मात्र १२ फेब्रुवारी २००४ ची गोष्ट अधिक लक्षात राहिली. त्या दिवसापासून समलिंगी जोडप्यांना याच इमारतीत परवाने मिळू लागले आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती सगळी लग्ने रद्द ठरवली. आमच्या हातातला कागद किती सहज आमच्या हाती आला होता, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

समारंभानंतर तुमच्या परसात लिंबाच्या झाडाखाली त्या अक्षता आमच्यावर पडल्या. मंगलाष्टके नव्हती. आत्या फोनवरून "सावधान" म्हणाली, तेवढेच.

नोंदणीनंतर प्रमाणित प्रत आपोआप येत नाही, ती मागवावी लागते आणि भारतात वापरायची तर तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र, घ्यावे लागते, या तुमच्या सूचनेनुसार दोन प्रती मागवल्या होत्या. त्या काल आल्या. एक अपोस्टिलसाठी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला जाईल. दुसरीची झेरॉक्स तुमच्यासाठी काढली आहे. तीत वरच्या भागात आईचे नाव आहे आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. आईने स्वतःसाठीही एक मागून घेतली, घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून.

रविवारी येते. तुमचा पुरणपोळीचा डबाही अजून आमच्याकडेच आहे.

तुमची,
वाटाणे अर्धवट सोलून उठलेली मुलगी