हातोडा की संगणक?

महोदय,
दख्खनच्या पठारावर लाव्हा कसा पसरला असेल, याची संगणकीय प्रतिमाने (मॉडेल्स) मी तयार करते. पीएच.डी. झाली, पण एका महाविद्यालयातल्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘‘तुम्ही नेमक्या भूशास्त्राच्या की संगणकाच्या?’’ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा वाहताना कुणी पाहिलेला नाही. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी घाटात लाव्हाच्या थरांची जाडी मोजायची आणि घरी येऊन समीकरणांशी झटापट करायची, एवढाच मार्ग. (खडक फोडायच्या हातोड्याचा दांडा दोनदा तुटलाय, ते समितीने विचारले नाही.) २०१० मध्ये आइसलँडमधल्या उद्रेकानंतर युरोपातली विमाने थांबली, तीही राखेच्या संगणकीय अंदाजांवरून. भरतीच्या जाहिरातीत पात्रतेसाठी लिहिलेला ‘संबंधित विषय’ म्हणजे नेमके कोणते, ते तरी छापा!

– एक संशोधक, वाई