जामीनदारालाही एसएमएस पाठवा

संपादक महोदय,

वाहनकर्जाला जामीन राहणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते, की बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, गाडी ओढून नेईल आणि तरीही बाकी उरली तरच आपल्या दारात येईल. कायदा असं म्हणत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १२८नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवण्याचं बंधन बँकेवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' खटल्यात स्पष्ट केलं आहे. एवढं करून जामीनदाराचा गाडीवर मालकीहक्क काहीच नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव नसेल तर सहकर्जदारसुद्धा केवळ सहीमुळे मालक होत नाही.

त्याच कायद्याने जामीनदाराला संरक्षणही दिलं आहे. त्याच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांतून तो सुटतो (कलम १३३). बँकेच्या हलगर्जीपणामुळे तारण हातचं गेलं, म्हणजे आरसीवर तिचा बोजा (कर्जाची नोंद) चढलाच नाही आणि कर्जदाराने गाडी परस्पर विकली, तर तारणाच्या किमतीपुरता तो मोकळा होतो (कलम १४१). पण छापील जामीनपत्रात बऱ्याचदा एक परिच्छेद असतो: कलम १३३, १३४, १३५, १३९ व १४१खालचे हक्क मी सोडून देत आहे, अशा अर्थाचा. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी भराभर सह्या घेतल्या जातात, तेव्हा तो कुणी वाचून दाखवत नाही. सहीआधी नेमका हाच परिच्छेद शोधावा. बँक तो खोडून देईलच असं नाही. निदान जबाबदारीची कमाल रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून मागावी. कोऱ्या जागा ठेवलेल्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नये. मंजुरीपत्र, हप्त्यांचं वेळापत्रक आणि जामीनपत्र यांच्या प्रती घ्याव्यात, आणि नोंदणी झाल्यावर आरसीवर बँकेचं नाव आलं का, हे स्वतः पाहावं.

अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, आणि ते घटलेल्या किमतीच्या हिशेबाने मिळतात. बाकी कर्ज तसंच राहतं. जप्त गाडीच्या लिलावातही तेच होतं, वर जप्तीचा खर्च जोडला जातो.

कर्ज फेडायची वेळ आलीच तर कर्जदाराच्या हातात रोकड देऊ नये. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात रक्कम भरावी आणि पावतीवर 'जामीनदार म्हणून भरणा' असं लिहून घ्यावं. संपूर्ण देणं फेडलं की कलम १४०नुसार बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क जामीनदाराकडे येतात, आणि कलम १४१चा हक्क सोडलेला नसेल तर तारणाचा लाभही मिळतो. म्हणूनच बोजा उतरवण्याची एनओसी (ना हरकत पत्र) आणि त्यासाठीचा फॉर्म ३५ परस्पर कर्जदाराला देऊ नये, असं पत्र रक्कम भरण्याआधीच बँकेला देऊन पोच घ्यावी. ही कागदपत्रं एकदा कर्जदाराकडे गेली, की तो गाडी विकून मोकळा होतो आणि जामीनदाराकडे फक्त कर्जदाराविरुद्धचा दावा उरतो. तो कलम १४५खाली लावता येतो. दुसरा जामीनदार असेल तर वेगळा करार नसल्यास कलम १४६नुसार त्याच्याकडून समान वाटा मागता येतो.

हे सगळं वेळेवर कळलं तरच उपयोगाचं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज, ठरतं, आणि अनेक जामीनदारांना पहिली नोटीस येते ती त्यानंतरच. तोवर दंडाची रक्कम वाढलेली असते. जामीनदाराच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही हे कर्ज दिसतं. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर लक्ष ठेवता येतं. पण हा जामीनदाराने स्वतः करायचा उपाय झाला. हप्ता चुकल्याचा एसएमएस बँक कर्जदाराला पाठवतेच. तोच त्याच दिवशी जामीनदारालाही पाठवणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं करावं.

– एक वाचक