वायपर, तंबाखू आणि खोली नंबर दीड

कोल्हापूर ते गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटर. आम्हाला पाच तास लागले, त्यातला दीड तास रस्त्यावरचं पाणी ओसरायची वाट बघण्यात गेला. तिथून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. आमचा बेत करूळचा होता. अंधार पडताना नेमका ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर तुटला.

समोरून आलेल्या ट्रकवरचे क्लीनरदादा, आधी तुमचे आभार. "कुठं निघालायसा? खाली दरड आलीया," म्हणत तुम्ही थांबवलंत आणि स्वतःची तंबाखू ओली करून आमच्या काचेवर चोळलीत. थेंब न साचता पाणी सरळ पसरून वाहायला लागलं, रस्ता दिसला. चुन्याची डबी मात्र बॉनेटवरच विसरलात.

खताचं पोतं पांघरून मोटरसायकलवर पुढे राहिलेले मामा, तुम्ही मुक्कामापर्यंत पोचवलंत आणि नाव विचारायच्या आत वळून गेलात.

आणि लॉजवाल्या काकू! भात गिरणीच्या माळ्यावरचं लॉज आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. खोली नंबर एक, दोन आणि मधे दीड. किल्ली उलथन्याला बांधलेली. ("हरवत न्हाई," हे कारण पटलं.) अंथरुणाला कोंड्याचा वास होता, खोटं कशाला बोलू. पण आईचे ओले मोजे तुम्ही चुलीवरच्या दोरीला वाळत घातलेत, रात्री अकराला नाचणीची भाकरी थापलीत आणि सकाळी हिशेबात जेवण धरलंच नाहीत.

दादा, डबी काकूंकडे ठेवलीय. येता-जाता घेऊन जा.