संज्या, तुझं पॅम्फ्लेट वाचलं

गिरगाव, मुंबई

प्रिय संज्या,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं भाजणीचं पॅम्फ्लेट दोनदा वाचलं. फोनच करणार होतो पण दुकानात तुझ्यासमोर गिऱ्हाईक असतं, धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

रागवू नकोस, पण त्या एका पानात 'आमची' हा शब्द नऊ वेळा आलाय. आमची भाजणी, आमची परंपरा, आमची क्वालिटी. घेणारी बाई कुठाय त्यात?

मला एकदम १९६७ ची निवडणूक आठवली. आपण जन्मलोही नव्हतो, पण आमच्या गिरगावात जुनी माणसं अजून सांगतात. दक्षिण मुंबईतून स. का. पाटील उभे, केंद्रात मंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणायचे त्यांना, आणि समोर जॉर्ज फर्नांडिस, कामगार पुढारी. लोकांना पाटीलच हवे होते असं नाही, पण ते पडतील असंच कोणाला वाटत नव्हतं, मग मत कशाला फुकट घालवा. जॉर्जच्या पोस्टरने बरोबर तीच गाठ सोडवली, तुम्ही स. का. पाटलांना पाडू शकता. मी कोण, मी काय केलं, काही नाही, सगळं मतदाराच्या हातात दिलं. आणि पाटील खरंच पडले रे!

आता तुझ्या भाजणीचं बघ. नोकरी करणाऱ्या पोरीला भाजणी चांगली असते हे माहितीये, तिची अडचण वेगळीच आहे, थालीपीठ तव्यावर टाकताना तुटतं आणि मग ती पुन्हा त्या वाटेला जात नाही. तर तू लिही, तुमचं थालीपीठ तुटणार नाही, आणि खाली ओल्या फडक्यावर कसं थापायचं, पाणी किती, भोकं कुठे पाडायची ते चार ओळीत दे.

याच्या उलट २००४ चं 'इंडिया शायनिंग'. सरकारने आपलंच कौतुक छापलं, ज्याच्या घरी ती चमक पोचलीच नव्हती त्याला ते टोचलं, आणि सरकार निवडणूक हरलं. नुसत्या जाहिरातीने कोणी हरत नाही हे मलाही कळतं, पण तुझं पॅम्फ्लेट त्याच वळणावर चाललंय.

आणि माझा काका आठवतो का तुला, वाडीत बूथचं काम बघायचा तो? मतदार यादीची झेरॉक्स पॅडला लावलेली, हातात पेन्सिल. आपला असेल तर टिक, समोरच्याचा असेल तर फुली, नक्की नसेल त्याच्या नावाला गोल. फुलीवाल्यांना नमस्कार करून पुढे जायचा, गोलवाल्यांच्या घरी मात्र बसायचा, चहा घ्यायचा आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचा. मतदानाच्या दिवशी दुपारी परत यादी काढायची, टिक आहे पण अजून मत पडलेलं नाही असं कोण राहिलंय ते बघायला, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून एकेक पायरी खाली आणायचा. सभा कितीही मोठी होऊदे, काका म्हणायचा की आजी खाली उतरल्या का ते सांग.

तुझ्याकडे पण यादी आहे की, घरपोचच्या ऑर्डरची वही! एकदा नेलं आणि परत आलेच नाहीत ते तुझे गोलवाले. सगळ्या ठाण्यात पॅम्फ्लेट वाटण्याआधी त्यांना फोन कर, विकू नकोस, फक्त विचार काय झालं.

मजकूर कुठला चालेल यावरही भांडत बसू नको. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात वेबसाइटच्या बटणावर काय लिहायचं हेसुद्धा लोकांवर ट्राय करून ठरवलं, 'साइन अप'पेक्षा 'लर्न मोअर' लिहिल्यावर जास्त लोकांनी नावं नोंदवली. तू दोन मजकुरांची दोनदोनशे पॅम्फ्लेटं काढ, दोन सोसायट्यांत वाट, कुठून फोन जास्त येतात ते लिहून ठेव.

आणि पॅम्फ्लेटातलं ते 'शुगर कमी होते' आधी खोड. पुढाऱ्याला पाच वर्षांनी तोंड दाखवायचं असतं, तुला त्याच बाईला पुढच्या आठवड्यात दाखवायचंय.

रविवारी सकाळी येतोच मी. वही काढून ठेव, पेन्सिल आणतो, दुपारपर्यंत गोल करून टाकू. वहिनींना सांग थालीपीठ थापताना व्हिडिओ काढणार आहे, फडकं तेच रोजचं असूदे.

तुझा,
बाळ्या