कडे काढून ठेवणाऱ्या मिस्त्रींना अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

आपले आभार समक्ष मानायला आलो की आपण "त्यात काय एवढं, साहेब" म्हणून चहा मागवता आणि विषय तिथेच बुडतो, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. आपले नाव कुठे छापायचे नाही, नाव आले की लोक गेटच्या ग्रिलसाठी फोन करत सुटतात, असे आपणच बजावले असल्यामुळे या पत्रात आपण केवळ 'मिस्त्री' आहात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांना आपल्याला ओळखायचे आहे, ते एवढ्यावरही ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझे थोरले काका इंग्लंडातील नोकरी संपवून परत आले, तेव्हा त्यांनी सोबत स्पेंडॉर कंपनीच्या बीसी-१ या स्पीकरांची जोडी आणली. बीबीसीच्या संशोधन विभागात काम केलेले स्पेन्सर ह्यूज आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही कंपनी उभी केली आणि तिला नाव मिळवून दिले ते याच स्पीकरने. बेक्स्ट्रीन या प्लास्टिकच्या पडद्याचा आठ इंची मुख्य स्पीकर, जोडीला सेलेशन कंपनीचा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर, आणि त्याहून उंच सुरांसाठी कोल्स कंपनीचा सुपर ट्वीटर, अशी त्याची रचना आहे. पेटी सुमारे ६३ सेंटीमीटर उंच. तिच्या प्लायवूडच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून त्यांना आतून जड डांबरी थर दिलेला असतो, कारण जाड भिंतींची पेटी कंप पावली की तो कंप माणसाच्या आवाजात मिसळून कानाला खुपतो, आणि पातळ पण डांबरी थराने कंप दाबलेल्या भिंतींची पेटी तेवढा त्रास देत नाही, असे बीबीसीच्या अभियंत्यांनी प्रयोगांती ठरवले होते. ही पेटी थेट जमिनीवर ठेवली की खर्जाचे सूर घुमू लागतात आणि ट्वीटर ऐकणाऱ्याच्या गुडघ्यांशी बोलू लागतो. त्यासाठी तिच्याखाली चाके लावलेली, चारी बाजूंनी मोकळी अशी लोखंडी चौकट असे. फर्निचर म्हणून ती अगदी सामान्य दिसते, परंतु पेटी किती उंचीवर राहते आणि तिच्याखाली किती पोकळी उरते, हे तीच ठरवते.

आमचा जुना वाडा पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहिले, त्या धांदलीत दोन चौकटींपैकी एक भंगारवाल्याच्या गाड्यावर चढली. तेव्हापासून एक स्पीकर चौकटीवर आणि दुसरा विटांवर ठेवलेल्या पाटावर, असा संसार चालला होता. दोन ट्वीटरांच्या उंचीत चांगला चार बोटांचा फरक पडल्यामुळे मल्लिकार्जुन मन्सूर गायला बसले की त्यांचा आवाज मधोमध उभा राहण्याऐवजी चौकटीच्या बाजूला सरके, आणि तानपुरे पाटाखालून आल्यासारखे वाटत. ज्या शहराने जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात मान दिला, त्या शहरात त्याच घराण्याचे गाणे असे तिरके ऐकावे लागावे, याची मला लाज वाटे.

उरलेल्या चौकटीबरहुकूम दुसरी करून मिळावी, एवढीच माझी मागणी होती. तिच्यापायी जे ऐकून घ्यावे लागले ते सगळे सांगत बसत नाही, पण थोडे सांगितल्याशिवाय राहवतही नाही. ध्वनिसामग्री विकणाऱ्या एका सद्गृहस्थांनी स्पीकर न पाहताच ते मोडीत घालून नवे घेण्याचा सल्ला दिला आणि वर नव्या स्टँडवर सवलतही देऊ केली. एका कारागिराने पाइप किती जाड आहे हे पाहण्यासाठी, मला न विचारता, अस्सल चौकटीच्या पायाला ड्रिल मारून भोक पाडले; ते भोक आजही तिथे आहे आणि त्याच्यावरून बोट फिरले की माझे डोके फिरते. दुसऱ्याने चौकट बनवून दिली खरी, परंतु ती तीनच चाकांवर उभी राही आणि चौथे चाक अधांतरी लोंबकळे. हे दाखवल्यावर त्याने शांतपणे खोक्याचा एक तुकडा फाडला, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "हे घाला खाली, काय कळत नाही." कळते, हो. ऐकणाऱ्याला पहिल्याच आलापीत कळते. मला या मंडळींच्या हातातल्या कसबाबद्दल तक्रार करायची नाही, कदाचित ते तुमच्याइतकेच असेल. समोरचा माणूस जे घेऊन आला आहे ते त्याच्या लेखी मोलाचे आहे, एवढे मान्य करायला मात्र त्यांच्यापैकी एकही तयार नव्हता.

अशा मनःस्थितीत मी आपल्या शेडमध्ये आलो. आपण चौकट हातात घेतली, उलटीपालटी केली, ते भोक पाहून काही बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, "पेटी घेऊन या. पेटी बघितल्याशिवाय मी पाइपला करवत लावायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी मी स्पीकर रिक्षात घालून आणला. त्यानंतर जे घडले, ते बहुधा आपल्या लक्षातही राहिले नसेल.

आपण ग्राइंडर बंद केला. हात आधी रॉकेलच्या फडक्याने पुसलेत, मग नळावर साबण लावून कोपरापर्यंत धुतलेत. उजव्या मनगटातले स्टीलचे कडे काढून खिशात टाकलेत. पट्ट्याचे बक्कल कमरेवर बाजूला सरकवलेत. मग टेबलावर एक धुतलेले पोते अंथरून, पेटी पोटाशी धरून, रिक्षातून स्वतः उचलून आणलीत. माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा, कारण आपण खुलासा केलात, "कडं घासलं तर वरखडा उठतोय लाकडावर. मग तो निघत न्हाई."

मिस्त्री, त्या पेटीवरच्या सागवानी व्हिनिअरला काका दर दिवाळीच्या आधी मऊ फडक्याने तेल लावत असत. त्यांच्या पश्चात त्या लाकडाला ओरखडा पडू नये याची चिंता करणारा मी घरात एकटाच होतो. लोखंड कापण्यात आयुष्य घालवलेला एक अनोळखी माणूस, ज्याने ते स्पीकर कधी ऐकले नव्हते आणि ज्याला त्यांचे नावही ठाऊक नव्हते, तो त्या लाकडासाठी हातातले कडे काढून ठेवतो, हे पाहून माझा घसा दाटून आला. आपल्याला वाटले मला वेल्डिंगचा धूर लागला, आणि आपण पोऱ्याला पंखा माझ्याकडे फिरवायला सांगितलेत. मी तो गैरसमज तेव्हा दूर केला नाही, तो आज करतो.

पुढचे काम आपण कसे केलेत याचा पाढा वाचत नाही, पण दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, ती चौकट इंचाच्या मापातली आणि बाजारात मिळालेला पाइप मिलिमीटरच्या मापातला असल्यामुळे दोन्हींत किंचित फरक पडत होता. तो माझ्या नजरेला कधीच आला नसता. तरीही आपण फोन करून तो सांगितलात आणि "चालेल का, का थांबायचं?" असे विचारलेत. थांबूया, असे मी म्हणालो आणि आपण खरोखरच थांबलात. जुन्या मालाच्या ढिगातून जुळणारा पाइप हाती लागेपर्यंत आगाऊ रकमेचे नावही काढले नाहीत.

दुसरी गोष्ट त्या चौथ्या चाकाची. पातळ पाइपला एका कोपऱ्यात सलग वेल्डिंग केले की सांधा थंड होताना आकसतो आणि सगळी चौकट ओढली जाते, हे मला आपल्याकडेच समजले. आपण आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांत नुसते टाके मारलेत, दोन्ही कर्ण मोजलेत, लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलेत, पुन्हा मोजलेत आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आल्याची खात्री पटल्यावरच सांधे पुरे केलेत. नंतर शेजारच्या मशीन शॉपमधल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट केलेल्या पाट्यावर, ती ठेवून प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सरकवून पाहिलीत. चारही पट्ट्या अडकल्या. आपण काहीच न बोलता माझ्याकडे पाहिलेत आणि त्या पट्ट्या कानावर ठेवलेल्या पेन्सिलीला गुंडाळत बसलात.

जुन्या चौकटीचा रंग ठिकठिकाणी उडालेला असल्यामुळे, नव्या चौकटीबरोबर तिलाही काळी पावडर कोटिंग करून घ्यावी, असे मीच सुचवले होते. आपण नको म्हणालात. "ती त्यांची हाय, ही माझी. दोन्ही एक कशाला दिसायला पायजेत?" त्या ड्रिलच्या भोकाला मात्र आपण आपल्याच मनाने आतून रबराचे छोटे बूच बसवून दिलेत, आणि त्याचे पैसे बिलात नव्हते.

सचोटी, माणुसकी हे शब्द सत्काराच्या व्यासपीठावर इतके वापरले जातात की ते गुळगुळीत झाले आहेत. तिथे शाल पांघरणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी स्वतःचे हात धुतात, हे मला पाहायला आवडेल. आमच्यासारखी शिकलेली माणसे आपल्या शेडमध्ये येतात ती दर पाडून मागण्यासाठी, आणि काम मनासारखे झाले की "बरं झालंय" एवढे म्हणून गाडीला किक मारतात. मीही बहुतेक त्यांतलाच. आपल्या शेडमध्ये मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कडा दुरुस्त करायला आलेल्या शेतकऱ्याचे काम आणि माझे काम यांत आपण भेद केला नाहीत. त्याच्या ट्रॉलीचे आधी आले होते म्हणून ते आधी केलेत, मला तासभर बसवून ठेवलेत, आणि ते योग्यच होते.

आता दोन्ही पेट्या एका उंचीवर आहेत. मन्सूर पुन्हा मधोमध बसून गातात, आणि तबल्याचा डग्गा घुमत राहण्याऐवजी जिथे वाजतो तिथेच थांबतो. आपल्याला घरी येऊन ऐकण्याचे आमंत्रण मी तोंडी दिले होते, ते येथे लेखी देतो. येताना पंखा फिरवणाऱ्या त्या पोऱ्यालाही आणावे.

एक विनंती राहिली. पुण्यातील आणि सांगलीतील काही शौकीन मंडळींकडे हेच स्पीकर चौकटीवाचून पडून आहेत आणि आपला पत्ता ते माझ्याकडे मागत आहेत. आपण घेतलेली मापे आणि खडूने आखलेला तो पत्रा कृपा करून जपून ठेवा. आणि त्यांना दर सांगताना मला लावला तो सांगू नका. त्यात आपली निम्मी मजुरीसुद्धा सुटलेली नाही, हे मी घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा माझ्या ध्यानात आले. फरकाची रक्कम मी पोऱ्याच्या हाती पाठवली, ती आपण परत पाठवलीत. पुन्हा पाठवतो आहे, या वेळी ठेवून घ्यावी.

आपला,
विटांवरचा पाट मोकळा झालेला एक ग्राहक