तंजावरच्या मोडी रुमालांना वाचक द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यांतले अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. फलक लागले, पेढे वाटले गेले, योग्यच झालं. हे पत्र मात्र जिंजीच्याही खाली, कावेरीच्या खोऱ्यातल्या तंजावराबद्दल आहे. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे गादी स्थापली. 1799 च्या तहानंतर राजाच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नाही, आणि 1855 मध्ये इंग्रजांनी तेही खालसा केलं. या काळातला कारभाराचा कागद मोडी लिपीत आहे, रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेला तिथेच आहे, आणि त्यातला बराचसा वाचणाऱ्याची वाट पाहतो आहे.

वेण्णारू, वडवारू आणि कल्लणैचा कालवा यांच्या पाण्यावर जगणाऱ्या ह्या शहरात गोष्टींना तोटा नाही. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या आवारात शिरलं की गाइड सुरू होतो. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. वरचा ऐंशी टनांचा अखंड धोंडा सारपल्लम गावापासून मातीचा उतार रचून चढवला. नंदी दिवसेंदिवस वाढत होता, म्हणून त्याला खिळा ठोकला. सावली पडते हो, व्यवस्थित पडते, आणि माथ्यावरचा दगडही एकसंध नाही. पण सांगणारा इतका रंगून सांगतो की आपण मान डोलावतो.

त्याच आवारात, नैऋत्येच्या कोपऱ्यात गणपतीच्या देवळापाशी, भिंतीवर मराठी लेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये बाबूराव चिटणीसांकडून भोसले कुळाची अख्खी हकीकत लिहवून घेतली आणि ती दगडात कोरवली. लिपी देवनागरी, म्हणजे मोडी न येणाऱ्यालाही अक्षर लागतं. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ; उभ्या उभ्या वाचून संपत नाही, पाय दुखायला लागतात. एवढ्या लांबलचक मजकुरापाशी गाइडकडे गोष्टच नसते. ‘मराठा किंग्ज’ म्हणून तो पुढे सरकतो, आणि त्याच्यामागून पुण्या-मुंबईहून आलेली मंडळीही सरकतात.

आपल्याकडे तंजावर म्हटलं की सांबार आठवतं. संभाजीराजे पाहुणे म्हणून गेले, आमसुलं संपली होती, चिंच घातली, आणि त्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं, अशी ती कथा. व्हॉट्सॲपवर वर्षातून चारदा येते. तिला समकालीन पुरावा कुणी दाखवलेला माझ्या पाहण्यात नाही. असला तर तो त्या रुमालांतच सापडेल, नसला तर निदान मुदपाकखान्यात खरोखर काय शिजत होतं ते तरी कळेल.

सरस्वती महाल ग्रंथालयात काय आहे हे आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको. तरी सांगतो. सरफोजीराजांच्या वेळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी तिथे आहेत: आजारी डोळ्याचं हाताने रंगवलेलं चित्र आणि सोबत रोग्याची हकीकत. राजाने स्वतःचा छापखाना काढला आणि 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापलं, तेव्हा पुण्यात पेशवाई होती. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक उभं केलं त्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या शाहराजांच्या, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाच्या, नावावर मराठी नाटकं आहेत. तंजावरजवळच्या ओरत्तनाडचं मुक्तांबा छत्र घ्या. सरफोजीराजांच्या प्रिय मुक्तांबेने मरताना आपल्या नावाने अन्नछत्र मागितलं, असं लोक सांगतात. पण छत्रात रोज किती शिधा लागे, कोण जेवे, आजारी वाटसरूंसाठी वैद्य होता का, हे हिशेबाच्या कागदांतून कळायचं.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. मराठ्यांच्या ह्या मोडी कागदांतल्या निवडक मजकुराचे तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने 1980 च्या दशकाच्या शेवटी खंडांत छापले. तमिळ माणसाने आपलं दप्तर उलगडून आपल्या भाषेत नेलं. आपण गादीचा अभिमान तेवढा ठेवला.

वाचक कुठून आणायचे, असं खात्याने म्हणू नये. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा सरकारने मोडी जाणणारी माणसं गावोगाव धुंडाळली. गरज पडली की माणसं मिळतात, मानधनही मिळतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. त्यातून निघालेली मुलं पुढे जुने फेरफार आणि खरेदीखतं वाचत बसतात, कारण पोट त्यावरच चालतं.

मागणी साधी आहे. दरवर्षी पाच-सहा मोडी वाचकांना तंजावरात राहून काम करता येईल अशी, निदान तीन वर्षांची पाठ्यवृत्ती द्या. आठ दिवसांचा अभ्यासदौरा आणि शेवटी गटाचा फोटो, एवढ्यावर भागवू नका. निवड करताना तमिळ येणाऱ्याला झुकतं माप द्या. तिथल्या मराठीत तमिळ शब्द सहज मिसळतात आणि नुसती लिपी येऊन तिथे अडायला होतं. तिथले मराठी, ज्यांना तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात, घरात अजून आपली तंजावरी मराठी बोलतात. त्यांच्यातली तरुण मंडळी ह्या कामाला आमच्यापेक्षा लायक ठरतील.

आणि कृपा करून ‘आमचे कागद परत आणा’ अशी आरोळी कुणाला ठोकू देऊ नका. ते कागद तंजावरचे आहेत. ग्रंथालय तमिळनाडू सरकारचं आहे, तेव्हा रीतसर करार करावा, कागद जागेवर राहावेत, प्रतिमा आणि लिप्यंतर दोन्हीकडे खुलं असावं. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला; त्या निमित्ताने जे संमेलन, जो सोहळा आखला असेल, त्यातला एखादा मांडव कमी केला तरी ह्या वाचकांचं वर्षभराचं भागेल.

आपण स्वतः एकदा जाऊन यावं. त्रिचीपर्यंत विमान आहे, पुढे मोटारीने तास-सव्वा तास. मोठ्या देवळाच्या मुख्य दारातून गेलेल्या पुढाऱ्याची खुर्ची जाते असा तिथे पक्का समज आहे, आणि भल्याभल्यांनी बाजूचं दार पत्करल्याचं सांगतात. आपणही खुशाल बाजूने जा. ग्रंथालयाच्या दाराला असलं काही नाही. तिथे जाताना फक्त वित्त विभागाचा एक अधिकारी सोबत न्या.

आपला नम्र,
मोडी शिकलेला एक मराठी वाचक